तुमचे आमच्याकडे नाहीत

बरेच वीकांत इथे काही लिहिणं झालं नाही. आजी गेली. नव्वदी ओलांडली होती, शेवटपर्यंत हिंडती-फिरती होती, त्यामुळे रडगाणं गाणार नाहीये. पण तिच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो तेव्हा एक गोष्ट बघितली आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाहीये. विषय थोडा टेक्निकल आहे, आधीच सांगून ठेवतो. आयटीत नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, गणित फारसं नाही.

तर झालं असं. आम्ही नाशिककर म्हणवतो, पण मूळचे खानदेशातले. पणजोबा अमळनेरला प्रताप मिलमध्ये लागले, आजोबाही तिथेच. बाबा १९८४ साली सातपूर एमआयडीसीत नोकरीला आले आणि आमचं नाशिक सुरू झालं. आजोबा १९८९ला अमळनेरातच गेले, त्यांच्या अस्थी तापीत सोडल्या. म्हणजे चाळीस वर्षं नाशकात राहूनही रामकुंडावर 'आपले' उपाध्ये कोण, हे शोधायची वेळ कधी आलीच नव्हती. पाहुणे आले की त्यांना पंचवटी दाखवायची, एवढाच आमचा रामकुंडाशी संबंध.

मी शुक्रवारी रात्री हिंजवडीहून निघून पहाटे पोचलो. सकाळी बाबा, मी आणि चुलतभाऊ (त्याला दादा म्हणतो) असे तिघं गेलो. पायऱ्या उतरतोय तोच एका गुरुजींनी हटकलं. "आडनाव काय? मूळ गाव?" बाबांनी सांगितलं. गुरुजींनी क्षणभर विचार केला. "तुमचे आमच्याकडे नाहीत. खानदेशातले यजमान त्या तिकडच्या गुरुजींकडे, पलीकडे बसलेत बघा." पलीकडच्या गुरुजींनी तेच दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "आमच्याकडे चोपडा आणि तिकडचा भाग. अमळनेर-पारोळा आमच्या भावकीत, वरच्या गल्लीत, डाव्या हाताचं घर." तिथे गेलो. तिसऱ्या गुरुजींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि कपाटातून वही काढली.

तीन माणसं, पंधरा मिनिटं. एकाकडेही कॉम्प्युटर नाही, एकानंही फोन लावला नाही. आणि मुख्य म्हणजे कोणते यजमान कोणाकडे, याची संपूर्ण यादी त्या तिघांपैकी कोणाकडेच नव्हती. माझ्या अंदाजानं अख्ख्या नाशकात कोणाकडे नसेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या असतात. तुमच्या घरातलं कोणी तीर्थाला, श्राद्धाला, अस्थी घेऊन आलं की ते आपल्या हातानं वहीत लेख लिहितं. स्वतःचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, गाव, तिथी, खाली सही. जुने लेख मोडीत. पुढच्या वेळी त्याच घरातलं कोणी आलं की लेख त्याच वहीत, आधीच्याच्या मागे.

आता आयटीवाल्या मंडळींच्या डोक्यात घंटा वाजली असेल. वाजली नसेल तर इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं 'कन्सिस्टंट हॅशिंग' वाया गेलं म्हणायचं :-)

प्रश्न जुनाच आहे. लाखो मशिन्स आहेत, प्रत्येकाकडे थोडा थोडा माल आहे, मला हवी ती वस्तू नेमकी कोणाकडे आहे? १९९९मध्ये नॅपस्टरनं सोपं उत्तर दिलं. गाणी लोकांच्या मशिनवर, पण कोणतं गाणं कोणाकडे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर. म्हणजे पंचवटीत एकच ऑफिस, एकच मोठं रजिस्टर. शोधायला झकास. पण कोर्टानं त्या एका ऑफिसला कुलूप लावायला लावलं आणि जुलै २००१मध्ये अख्खा कारभार थंड. लोकांच्या मशिनवरची गाणी जागच्या जागी होती, फक्त ती सापडेनाशी झाली.

मार्च २०००मध्ये आलेल्या ग्नुटेलानं दुसरं टोक गाठलं. यादीच नको. शेजाऱ्याला विचारा, तो त्याच्या शेजाऱ्यांना विचारेल, ते त्यांच्या. म्हणजे सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर उभं राहून "अमळनेरवाल्यांचे उपाध्ये कोण होऽऽ" म्हणून बोंब मारायची, आणि ज्यानं ऐकली त्यानंही तीच बोंब पुढे मारायची. बोंब अनंतकाळ फिरू नये म्हणून साधारण सात उड्यांनंतर ती थांबवत. त्यामुळे वस्तू आठव्या उडीवर असली तर ती असूनही नाही. आणि सगळं नेटवर्क बोंबांनीच भरलेलं, ते वेगळंच.

या दोन्हींच्या मधला रस्ता २००१मध्ये सापडला, आणि एकाच वेळी अनेकांना सापडला. त्या वर्षीच्या सिगकॉम परिषदेत एमआयटीचा 'कॉर्ड' आणि बर्कलीचा 'कॅन' हे दोन पेपर शेजारी शेजारी आले. कॅनच्या पहिल्या लेखिकेचं नाव सिल्व्हिया रत्नसामी. ही बाई १९९७ची पुणे विद्यापीठाची बी.ई.! म्हणजे आपल्याच विद्यापीठाची. मी चार वर्षं त्याच विद्यापीठाच्या एका कॉलेजात काढली, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा पेपर दिला, आणि हे नाव मला एकाही मास्तरानं सांगितलं नाही. आपण भिंतीवर कोणाचे फोटो लावतो, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. असो.

या मंडळींची मूळ कल्पना अशी की वस्तू कुठे ठेवायची हे नशिबावर सोडायचंच नाही. वस्तूच्या नावावरूनच एक आकडा काढायचा, तो म्हणजे तिची किल्ली. प्रत्येक मशिनलाही त्याच मापाचा एक आकडा द्यायचा. किल्ली ज्या मशिनच्या आकड्याजवळ पडेल, त्या वस्तूची नोंद त्या मशिननं सांभाळायची. झालं, आता शोधाशोध उरली नाही, फक्त 'जवळ' जायचं उरलं. कॅनमध्ये सगळी जागा शेताच्या नकाशासारखी तुकड्यांत वाटलेली असते आणि प्रत्येकाला फक्त स्वतःच्या बांधाला लागून असलेले शेजारी माहीत असतात. नवीन मशिन आलं की कोणा एकाच्या तुकड्याची अर्धी वाटणी त्याला मिळते. रामकुंडावर दोन भाऊ वेगळे झाले की चोपड्याकडचे एकाला आणि पारोळ्याकडचे दुसऱ्याला, तसंच.

पण मला सगळ्यात जास्त पटतो तो २००२चा कडेम्लिया. मायमुनकॉव्ह आणि माझिएर या दोघांचा. बिटटोरंट २००५पासून याच जातीच्या नेटवर्कवर चालतं, आयपीएफएसही. यात प्रत्येक नोडला १६० बिटांचा आकडा. दोन आकडे किती जवळचे, हे ते पहिल्यापासून किती बिटांपर्यंत सारखे आहेत यावर ठरतं. आता प्रत्येक नोड ओळखीचे लोक कसे ठेवतो ते बघा. जो अर्धा पसारा आपल्यापासून सगळ्यात दूर आहे, त्यातले फक्त मोजके नोड माहीत. त्याहून जवळच्या पाव पसाऱ्यातले तेवढेच मोजके. त्याहून जवळच्या अष्टमांशातले पुन्हा तेवढेच. असं करत अगदी शेजारचे जवळजवळ सगळे. दूरचं ढोबळ, जवळचं बारीक. पहिल्या गुरुजींना खानदेश म्हणजे 'पलीकडचे' एवढंच ठाऊक होतं, दुसऱ्यांना तालुका ठाऊक होता, आणि आपल्या भावकीतलं तर घर कोणत्या हाताला हेसुद्धा.

याचा हिशोब फार सुंदर पडतो. दर उडीला उरलेलं अंतर किमान निम्मं होतं. दहा लाख नोड असले तरी साधारण वीस उड्यांत, बहुतेक वेळा त्याच्याही आत, काम होतं. नोड दुप्पट झाले तर एकच उडी वाढते. आणि यासाठी प्रत्येकाला लक्षात ठेवायच्या असतात फार तर दोन-चारशे ओळखी.

आणखी एक गंमत. पहिले गुरुजी स्वतः उठून दुसऱ्यांकडे गेले नाहीत. त्यांनी मला पुढचा पत्ता दिला, चाललो मी. कडेम्लियातही अगदी असंच असतं. मधला नोड तुमचं काम अंगावर घेत नाही, 'माझ्यापेक्षा जवळचे हे बघ' म्हणून सोडून देतो. दुसरं म्हणजे ओळखींच्या यादीत जागा नसेल तर कडेम्लिया नव्या नोडसाठी जुन्याला काढत नाही. जुना जिवंत आहे ना, हे आधी विचारतो, आणि असेल तर नव्यालाच परत पाठवतो. कारण बघितलं गेलं होतं की जो नोड जास्त वेळ टिकलाय, तो आणखी टिकण्याची शक्यताही जास्त. आमच्या कंपनीच्या एचआरला कोणीतरी हा पेपर पाठवा.

आता तिसऱ्या घरी काय झालं ते. गुरुजींनी अमळनेरची पानं उलटली. आमचं आडनाव दोनदा आलं, पण घराणी वेगळी. आमचं नाही. बाबांचा चेहरा उतरला. दादा पुटपुटला की वाळवीनं खाल्लं असेल. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "अमळनेरच्या आधी कुठले?" बाबांना सांगता येईना. त्यांच्या लेखी अमळनेरच मूळ. शेवटी आत्याला फोन लावला. आत्या धुळ्याला असते, घरातलं कुळाचाराचं सगळं तिलाच माहीत. तिनं एका दमात पारोळ्याजवळच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. (ते इथे लिहीत नाही. आडनावासकट लिहिलं तर पासवर्ड चिकटवल्यासारखं होईल.) गुरुजींनी दुसरी वही काढली. पाच मिनिटांत पान.

डीएचटीचा सगळ्यात मोठा दोष नेमका हाच. किल्ली तंतोतंत हवी. एक अक्षर बदललं की हॅश पार वेगळा, आणि तुम्ही पूर्ण आत्मविश्वासानं चुकीच्या दारात उभे. 'साधारण असं काहीतरी' तिथे चालत नाही, त्यासाठी गूगलसारखं कोणीतरी सगळं एका जागी गोळा केलेलं लागतं. नामावळीत निदान समोर माणूस होता, ज्याला "त्याच्या आधी कुठले?" हे विचारायचं सुचलं. हा प्रश्न कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये नाही.

पानावर १९६२चा लेख होता. आजोबा त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आले होते. निळी शाई, मिलच्या हजेरीपटावर सही करायची सवय असलेला किरटा हात. भावांची नावं, मग मुलांची, आणि त्यात शेवटी बाबांचं नाव. बाबा तेव्हा दोन वर्षांचे. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. आमच्या घरात आजोबांच्या हाताचं एक चिठोरंसुद्धा नाही.

परत येताना गाडीत दादा सुरू झाला. दादा प्रॉडक्ट मॅनेजर आहे. "हे सगळं स्कॅन करून एका सर्व्हरवर टाकायला पाहिजे. आडनाव टाकलं की पीडीएफ. कसली वही नि कसलं काय." पहिल्यांदा मीही मान डोलावली. पण घरी येईपर्यंत माझं मत फिरलं होतं, आणि ते सांगण्यासाठीच ही पोस्ट.

सगळ्या नामावळ्या एका सर्व्हरवर म्हणजे पुन्हा नॅपस्टर. कोर्टकज्जा सोडा, कंपनी विकली गेली किंवा वर्षाचं होस्टिंग भरायचं राहिलं तरी पुरे. ऑर्कुट २०१४मध्ये बंद झालं, जिओसिटीज त्याआधी २००९मध्ये. माझे कॉलेजच्या प्रोजेक्टचे फोटो एका साइटवर होते. साइट गेली, फोटो गेले. आजोबांचं पान चौसष्ट वर्षं टिकलं, कारण ते ज्या घरात होतं त्या घराची रोजीरोटी त्यावर होती. ही गोष्ट आपण इंजिनिअर लोक नेहमी विसरतो. बिटटोरंटमध्ये फाइलचे तुकडे देताना 'तू दे, मग मी देतो' असा व्यवहार असतो, पण दुसऱ्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या नोडला काहीच मिळत नाही. गुरुजींना दक्षिणा मिळते.

शिवाय पान दाखवायच्या आधी गुरुजींनी बाबांना वडिलांचं, आजोबांचं नाव विचारून घेतलं. घराण्यात कोण कोण, मुलं किती, हे वाटेल त्याला सर्च करून बघता येणं मला नकोच आहे. सातबाऱ्यावरून भांडणाऱ्या कुटुंबांना तर नकोच नको.

पण म्हणून 'जुनं ते सोनं' असं मी म्हणत नाहीये. दोन गोष्टी मला तिथे साफ खटकल्या. एक म्हणजे किल्लीचा तिसरा भाग. आडनाव, गाव, आणि थोड्या वेळानं आवाज जरा खाली आणून, जात. हे नेटवर्क पीअर-टू-पीअर वगैरे ठीक आहे, पण त्यात पीअर कोण हे आधीच ठरलेलं होतं. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी नाशकातली आघाडी सांभाळली, आणि काही वर्षं चालूनही दार उघडलं नाही. हॅश फंक्शनची मला आवडणारी गोष्ट हीच, की ते आंधळं असतं. तुमच्या नावाचा असा चुराडा करतं की त्यातून तुम्ही कुठले, कोण, काहीच उरत नाही. नोंद कोणाच्याही वाट्याला येते आणि त्याला ती सांभाळावीच लागते.

दुसरी खटकलेली गोष्ट प्रतींची. त्या पानाची प्रत एकच. आणि ती कुठे? गोदावरीपासून चालत पाच मिनिटांवर. पुराचं पाणी किती चढलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात. कमरेला लागलं, छातीला लागलं, बुडाला. २००८, २०१६, २०१९, सगळे पूर अजून लोकांच्या लक्षात आहेत. तिथे हॅशच्या आंधळेपणाचा आणखी एक फायदा आहे. आकड्यानं शेजारी असलेले दोन नोड नकाशावर शेजारी नसतात, एक नागपुरात तर दुसरा ब्राझीलमध्ये. कडेम्लियाच्या मूळ पेपरात प्रत्येक नोंद २० जवळच्या नोडकडे ठेवायला सांगितली आहे, आणि दर तासाला ती पुन्हा पसरवायची, कारण कोण कधी उठून जाईल याचा नेम नाही. एका नदीला हे वीसच्या वीस बुडवता येत नाहीत. नामावळीत सगळे शेजारी खरोखरचे शेजारी, एकाच पूररेषेत.

म्हणून दादाशी माझं भांडण एवढंच आहे की त्यानं रोग चुकीचा ओळखला. नामावळी दोनशे घरांत विखुरलेली असती काय किंवा वीस, तो तिचा दोष नाहीच, त्या विखुरण्यामुळेच ती इथवर आली. दोष आहे प्रत एकच असण्यात. मग प्रती वाढवा ना. वही गुरुजींकडेच राहू दे, कोणाला दाखवायची हे तेच ठरवोत. पण प्रत्येक वहीच्या चार प्रती चार वेगळ्या गावांतल्या चार उपाध्यायांकडे असू देत. पैठणला, पंढरपूरला, कुठेही. याला ना ऍप लागतं ना फंडिंग. म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

हे मी ऑफिसमध्ये एका सिनिअरला सांगितलं तर तो म्हणाला, डीएचटी आता कोण वापरतं. एका अर्थी खरं आहे. ज्यांना मालक नको होता त्यांच्यासाठी ही युक्ती निघाली, आणि तिचा सगळ्यात जास्त उपयोग मोठ्या मालकांनीच केला. ऍमेझॉनचा डायनॅमो पेपर २००७चा, फेसबुकमधून कॅसॅन्ड्रा आलं २००८मध्ये. वर्तुळ तेच, हॅश तोच, प्रती ठेवायची रीतही तीच, फक्त सगळे नोड एकाच कंपनीच्या खोलीत. मी रोज तेच सांभाळतो आणि त्याचाच पगार घेतो, त्यामुळे फार बोलायचा मला अधिकार नाही.

निघायच्या आधी बाबांनी नवा लेख लिहिला. हात थोडा थरथरत होता. आजीचं नाव, तिथी, मग दादाचं, माझं. गुरुजींनी मोबाइल नंबरही लिहायला सांगितला, हल्ली ती पद्धत आहे म्हणे. त्यांना विचारून दादानं दोन्ही पानांचे फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपमध्ये अठरा जण आहेत, त्यातला एक टोरांटोत.

सगळ्यात पहिला मेसेज आत्याचा आला. आजोबांच्या लेखात तिचं नाव नव्हतं, १९६२ला ती जन्मलेलीच नव्हती. तिनं एवढंच विचारलं होतं, "माझं नाव कुठाय रे?"

बाबांनी गाडी वळवायला लावली. गुरुजी जेवायला बसले होते, आम्ही ओसरीत थांबलो. हात धुऊन त्यांनी वही पुन्हा काढली, आणि बाबांनी सहीच्या वर उरलेल्या बोटभर जागेत आत्याचं नाव लिहिलं.